आठ बोटे मोजा

आमच्या वर्धा जिल्ह्यात समुद्रपूर नावाचा एक तालुका आहे. नाव समुद्रपूर, आणि मुंबईचा समुद्र रेल्वेने साडेसातशे किलोमीटर दूर! बाहेरगावचे पाहुणे या नावावर हटकून एक विनोद करतात आणि आम्हीही तो प्रथमच ऐकत असल्यासारखे हसतो. पण गेली तीन वर्षे आमच्या कुटुंबात खरोखरच एक समुद्र येऊन राहिला आहे. समुद्रपुरात नव्हे, वर्धा शहरात, माझ्या पुतण्याच्या बैठकीत. लांबी तीन फूट, रुंदी दीड, उंची दीड. पाणी पावणेदोनशे लिटर. पहिल्या भरणीला सहा किलो मीठ लागले, आणि तेही स्वयंपाकघरातले चालत नाही. कॅल्शियम, मॅग्नेशियम वगैरे मोजून मापून घातलेले खास मीठ बाहेरून यावे लागते. मिठाचा सत्याग्रह करून १९३४ साली गांधीजी ज्या गावी येऊन राहिले, त्या गावी मीठ पार्सलने मागवायचे, ही गोष्ट माझ्या वहिनींना अजून पटलेली नाही.

या सदराच्या नेहमीच्या वाचकांना माझ्या वहिनी ठाऊक आहेतच. त्यांचे म्हणणे असे, की उन्हाळ्यात वर्ध्याचा पारा पंचेचाळीसच्या वर जातो तेव्हा घरातल्या माणसांना कूलर पुरतो, आणि या दगडांना मात्र पाणी पंचवीस अंशांवर ठेवणारे यंत्र लागते! वीज गेली की आधी इन्व्हर्टर टाकीला, मग पंख्याला. पण टाकीसमोर खुर्ची टाकून रोज संध्याकाळी तासभर बसतात त्याही वहिनीच, हे येथे नमूद केले पाहिजे.

टाकीत मासे फक्त दोन, नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेले. बाकी सगळी बाग. एक छत्रीसारखे, एक हाताच्या पंज्यासारखे, एक जांभळ्या सतरंजीवर हिरवे गवत उगवल्यासारखे. एक तर चक्क मुठी उघडते आणि मिटते. आल्यागेल्याचा पहिला प्रश्न, “हे प्लॅस्टिकचे का?” दुसरा प्रश्न, “झाड की प्राणी?” आमचा पुतण्या इंजिनियर. तो सर्वांना एकच उत्तर देई, “सॉफ्ट कोरल. मऊ पोवळी.” मी एकतीस वर्षे शाळेत जीवशास्त्र शिकवले असल्यामुळे मान डोलावण्याचे काम माझ्याकडे असे.

त्या मान डोलावण्याची किंमत काय पडली, ते आज सांगायचे आहे.

दोन वर्षांपूर्वीची दिवाळी. वसुबारसेच्या आधीचा रविवार, घरोघर साफसफाई चाललेली. टाकीतल्या एका दगडावर तपकिरी रंगाची, शर्टाच्या बटणाएवढी काहीतरी वाढून बसली होती आणि शेजारच्या छत्रीला रेटू लागली होती. पुतण्याने मला विचारले, “काका, हे कोणतं हो? दुकानदार तर सॉफ्ट कोरलच म्हणाला होता.” मी चष्माही न काढता म्हणालो, “हाताला मऊ लागतं ना? मग मऊ पोवळंच. घास खुशाल.”

त्याने दगड मोरीत नेला, दार लावून घेतले, वरून कढत पाणी ओतले आणि तारेच्या ब्रशाने तासभर खरवडला. स्वयंपाकघरात सूनबाई शंकरपाळे तळीत होत्या. संध्याकाळी चहा घेताना तो म्हणाला, तोंडात पैसा धरल्यासारखी चव येते आहे. आठ वाजता थंडी वाजू लागली. नऊला ताप, कोरडा खोकला, आणि छातीवर कोणी बसले आहे असे श्वास घेताना वाटू लागले. आम्हाला वाटले डेंग्यू असेल, मोसमच त्याचा. रात्री अकराला दवाखान्यात नेले तेव्हा त्याला धड बोलता येत नव्हते. प्राणवायू लावला.

डॉक्टरांनी विचारले, “आज नेहमीपेक्षा वेगळं काय केलंत? रंगकाम? फवारणी?” सूनबाई म्हणाल्या, “काही नाही हो, फक्त टाकीतला दगड घासला.” इतक्या काळजीतही आम्हा दोघांना ते सांगताना हसू आले. डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी आपला मोबाईल काढला, दहा मिनिटे उभ्या उभ्या वाचीत राहिले, आणि मग परत येऊन त्यांनी विचारले, “त्या दगडावर काय होतं, याची कुणाला नक्की ओळख आहे का?”

सूनबाईंनी माझ्याकडे पाहिले. मी जमिनीकडे पाहिले.

तिसऱ्या दिवशी पुतण्या घरी आला. त्याच्या रक्तात ते विष सापडले, असे मी म्हणणार नाही. तशी तपासणी झालीच नाही. पण लक्षणे आणि वेळ दोन्ही तंतोतंत जुळत होती. या विषाचे नाव पॅलिटॉक्सिन. त्यावर उतारा नाही. श्वास सांभाळायचा आणि वाट पाहायची, एवढेच डॉक्टरांच्या हाती असते.

या विषाची जन्मकथा ऐकण्यासारखी आहे. हवाई बेटांपैकी माउई बेटावर हाना नावाचे गाव आहे. तिथल्या एका डबक्यात ‘हानाचे मारक शेवाळ’ वाढते, त्यात भाल्याची टोके बुडवली की जखम प्राणघातक होते, अशी तेथील लोकांची परंपरागत समजूत. एका दुष्ट मनुष्याला गावाने मारले, त्याची राख त्या डबक्यात टाकली आणि त्यातून हे शेवाळ उगवले, अशी दंतकथा. तिथून काही घेणे म्हणजे शाप ओढवून घेणे! १९६१ सालच्या अखेरच्या दिवशी शास्त्रज्ञांनी तेथून नमुने घेतले, आणि त्याच दिवशी दुपारी त्यांच्या प्रयोगशाळेची मुख्य इमारत आगीत जळाली. योगायोगच, पण गावकऱ्यांनी काय म्हटले असेल त्याची कल्पना करावी. पुढे १९७१ साली मूर आणि शॉयर या दोघांनी त्या ‘शेवाळा’तून विष वेगळे काढून जगापुढे मांडले. आणि ते शेवाळ नव्हतेच! तो बटणासारखा दिसणारा, वसाहत करून राहणारा एक प्राणी होता. त्याच्या कुळाचे नाव पॅलिथोआ.

आमच्या मोरीत तोच घासला गेला होता, असे मला आज वाटते. हानातली ती जात अतिविषारी. पॅलिथोआच्या सगळ्याच जाती तशा नसतात, पण कोणती आहे आणि कोणती नाही हे डोळ्यांनी कळत नाही. पाण्यात असताना तो गरीब प्राणी कुणाच्या वाटेला जात नाही. त्याला खरवडले, उकळते पाणी घातले, की वाफेवाटे आणि तुषारांवाटे विष नाकातोंडात जाते. परदेशांतही टाकीवाल्यांची कुटुंबेच्या कुटुंबे अशीच दवाखान्यात गेली आहेत, आणि बहुतेक वेळा कारण हेच, दगड साफ करणे.

खरे म्हणजे दिसण्यावरून नाव ठेवू नये हे मीच वर्षानुवर्षे मुलांना शिकवीत आलो. समुद्रपूर तालुक्यातच गिरड आहे, शेख फरीदांच्या टेकडीचे. त्या टेकडीवर सुपारीसारख्या, नारळासारख्या गोल दगडी गोट्या सापडतात. फकिराची चेष्टा करणाऱ्या व्यापाऱ्यांचा सगळा माल दगड झाला, अशी तेथील कथा. सहलीला नेले की मी मुलांच्या हातावर ती गोटी ठेवून विचारीत असे, “सुपारी कशावरून नाही?” आणि मग ज्वालामुखीच्या खडकातल्या झिओलाइटची गोष्ट सांगत असे. गोटीबाबत एवढा चोखंदळ असलेला मास्तर बटणाबाबत मात्र ‘मऊ ते मऊ पोवळे’ म्हणून मोकळा झाला!

दिवाळी झाल्यावर मी घड्याळजीकडून दहापट मोठे दाखवणारे भिंग आणले, आणि टाकीपुढच्या खुर्चीसाठी वहिनींशी भांडण सुरू केले.

वाचकहो, ओळखण्याची पहिली खूण इतकी सोपी आहे की ती आधी ठाऊक नव्हती याची लाज वाटते. पंप पाच मिनिटे बंद करावा. पाणी स्थिर झाले की त्या ‘झाडा’वरचे एक फूल भिंगाखाली धरावे. ते फूल नव्हे, तोंड आहे. त्याला पॉलिप म्हणतात. तोंडाभोवती बोटे असतात. ती मोजावी. खऱ्या मऊ पोवळ्याला बोटे आठ. सात नाहीत, नऊ नाहीत. आणि प्रत्येक बोटाला दोन्ही बाजूंनी बारीक झालर, पिसासारखी किंवा फणीसारखी. आठ बोटे आणि झालर, एवढे जमले की कुळ नक्की झाले.

आमच्या तपकिरी बटणाला बोटे किती निघाली? मी तीसपर्यंत मोजली आणि चुकलो. मधे सपाट चकती, आणि कडेने गुळगुळीत, बिनझालरीची बोटे दोन रांगांत दाटीने बसलेली. हे झोअँथिड. बाजारात मऊ पोवळ्यांच्याच भावात आणि नावाने विकले जाते, पण नाते दूरचे. त्यांतही दोन प्रकार पाहावेत. पॅलिथोआ आपल्या अंगात वाळूचे कण रुतवून घेतो, त्यामुळे देठ खरखरीत आणि वाळूने माखलेला दिसतो. दुसरा झोअँथस, त्याचे अंग स्वच्छ, गुळगुळीत आणि पुष्कळदा रंगीबेरंगी. हे दोघे परदेशी पाहुणे आहेत असेही समजू नका. मुंबईच्या खडकाळ किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी गेलात तर पायाखाली झोअँथिडांच्या सतरंज्याच पसरलेल्या असतात. आणखी एक तोतया म्हणजे चपटी बशी, जिच्यावर बोटांच्या जागी नुसते पुरळ असते. त्याला टाकीवाले ‘मशरूम’ म्हणतात. तेही आठ बोटांचे नव्हे.

आता आठ बोटांच्या घराण्यात शिरू. आमची छत्री म्हणजे सार्कोफायटन. जाड देठ उघडाबोडका, आणि पॉलिप फक्त वरच्या टोपीवर. भिंगातून पाहिले तर लांब बोटांच्या पॉलिपांच्या मधे मधे टाचणीच्या टोकाएवढी बिनबोटांची भोके दिसतात. तेही पॉलिपच, पण त्यांचे काम खाण्याचे नाही, वसाहतीत पाणी खेळवण्याचे. शेजारचा पंजा, ज्याच्यावर कंगोरे आणि जाड बोटे आहेत, तो लोबोफायटम. त्याच्यातही दोन प्रकारचे पॉलिप. पण बोटाबोटांचे, थोडे ताठर असे जे तिसरे आहे, सिन्युलेरिया, त्यात पॉलिप एकाच प्रकारचे. ही तीन चामडी भावंडे याच एका खुणेने पुष्कळ अंशी वेगळी काढता येतात. छत्रीची एक खोड मात्र सांगून ठेवतो. ती अधूनमधून तोंड मिटून चार-आठ दिवस रुसून बसते, अंगावर मेणचट साय धरते. पहिल्या खेपेला आम्ही ती मेली म्हणून हळहळलो. मग ती साय गळून पडली आणि बाई पूर्ववत फुलल्या. ती कात टाकीत होती.

हे चामडे गरीब दिसतात पण त्यांच्यातही रसायनांची भांडणे चालतात. शेजारी फार जवळ आला तर पाण्यात असे काही द्रव्य सोडतात की त्याची वाढ खुंटते. म्हणून टाकीत कोळशाची पिशवी ठेवायची.

जांभळ्या सतरंजीवर हिरवे गवत म्हणजे ब्रायेरियम. हात लावला की गवत सतरंजीत गडप होते. फांद्या असलेले, लिबलिबीत, फांदी गाळून स्वतःचे रोप आपणच लावणारे ते कॅप्नेला. त्याच्याच नात्यातले एक लालकेशरी, काटेरी, अतिशय देखणे डेंड्रोनेफ्थिया दुकानात दिसले तर कृपा करून घरी आणू नका. बाकीची मंडळी अंगात एकपेशीय शैवाल पाळतात, ते शैवाल उजेडावर साखर तयार करते आणि भाडे म्हणून घरमालकाला देते. डेंड्रोनेफ्थियाकडे भाडेकरूच नाही. त्याला दिवसरात्र सूक्ष्म खाद्य वाहत्या पाण्यातून लागते, आणि घरच्या टाकीत तो काही आठवड्यांत उपाशी मरतो. त्या रंगांसाठी तो पुन्हा पुन्हा आणला जातो आणि पुन्हा पुन्हा मरतो.

राहिल्या मुठी. त्या झेनियाच्या. हात उघडतो, मिटतो, उघडतो, मिटतो, सबंध दिवस. हे कशासाठी, हे कोडे फार दिवस होते, कारण अन्न पकडताना तर कोणी तिला पाहिले नव्हते. २०१३ साली जेरुसलेमच्या शास्त्रज्ञांनी तांबड्या समुद्रातल्या हिच्या बहिणीवर प्रयोग करून दाखवले, की या उघडझापीने अंगाभोवतीचा साचलेला प्राणवायू वाहून जातो आणि आतल्या शैवालाचे काम जोरात चालते. म्हणजे भाडेकरूला वारा घालणे चालले आहे!

येथपर्यंत भिंगाने निभावते. पुढे जातीचे नेमके नाव हवे असेल तर रंग, आकार सगळे फसवे. उजेड बदलला की रंग बदलतो, प्रवाह बदलला की आकार. खरी खूण अंगाच्या आत असते. मऊ पोवळ्याच्या मांसात चुन्याच्या सूक्ष्म कंटिका विखुरलेल्या असतात. नखाएवढा तुकडा घरातल्या ब्लीचमध्ये टाकला की मांस विरघळते आणि तळाशी चिमूटभर पांढरी वाळू उरते. माझ्या जुन्या सूक्ष्मदर्शकाखाली सिन्युलेरियाची ती वाळू ठेवली तेव्हा पाहत राहिलो. प्रत्येक कण म्हणजे खरबरीत फुगवट्यांनी मढवलेली चाती! पण तज्ज्ञांनाही हे अपुरे पडते. ज्याला सगळे एकच सार्कोफायटन समजत होते, ती वेगवेगळ्या जातींची मोट असल्याचे जनुकांच्या तपासणीत निघाले आहे. आणि २०२२ साली तर आठ बोटांच्या सबंध कुळाची नव्याने वाटणी झाली, जुनी पुस्तके त्या बाबतीत रद्दीत गेली. (हा तुकडा कापण्याचा उद्योग हातमोजे घालून, अंगणात, आणि बोटे मोजून झाल्यावरच करावा. बटणावर तर मुळीच करू नये.)

मी हे सगळे वहिनींना समजावून सांगत होतो तेव्हा त्यांनी आपल्या बोटातली अंगठी पुढे केली. पोवळ्याची, मंगळासाठी घातलेली. “मग भावजी, हे कोणाचं जी?” प्रश्न बिनतोड होता. दागिन्यातले तांबडे पोवळे भूमध्य समुद्रातून येते. कडक, दगडासारखे. पण जिवंतपणी त्याच्या तांबड्या फांदीवर पांढरे पॉलिप फुलतात, आणि त्यांना बोटे आठ! १७०६ साली मार्सीली नावाच्या इटालियन सरदाराने ती पाहिली, आठ पाकळ्यांची फुले समजला, आणि पोवळे ही वनस्पती आहे असे जाहीर केले. पुढे पेसोनेल नावाच्या मार्सेच्या डॉक्टराने ती फुले नसून प्राणी आहेत असे सांगितले, तर पॅरिसच्या विद्वानांनी त्याला कितीतरी वर्षे हसण्यावारी नेले. तेव्हा चूक करणारा मी पहिला नाही, हे मी वहिनींना सांगितले. त्या म्हणाल्या, “पण त्याच्या चुकीनं कोणी दवाखान्यात नव्हतं ना गेलं?”

आठ बोटांच्या नात्यात कडक सांगाड्याचे आणखीही आहेत. समुद्रपंखे आहेत, आणि तांबड्या बासऱ्यांची मोळी बांधल्यासारखे दिसणारे ट्युबिपोरा आहे. येथे ओळख चुकली तर प्रकरण दवाखान्यात नव्हे, कोर्टात जाते. २००१ सालापासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंक्तीत, सर्व खडक बांधणारी कडक पोवळी, काळी पोवळी, ट्युबिपोरा, अग्निपोवळी आणि सर्व समुद्रपंखे आहेत. जिवंत असो वा वाळलेले. दुकानात ‘सॉफ्ट कोरल’ म्हणून समुद्रपंख्याची फांदी मिळते, ‘जिवंत खडक’ म्हणून मिळतो तो पुष्कळदा कडक पोवळ्याचा सांगाडा असतो. आणि आपल्या पुष्कळ घरांत दाराशी किंवा देवघरात चौकटीत लावलेले ‘इंद्रजाल’ पाहिले आहे ना? दुर्मिळ मुळी म्हणून, नजर लागू नये म्हणून विकतात ते? ती मुळी नाही. तो समुद्रपंखा किंवा काळे पोवळे. टाकी ज्यांच्याकडे नाही त्यांनीही एकदा आपली भिंत पाहावी.

समुद्र आपल्याला इतका परका नाही, याचेही नवल वाटते. मालवणच्या समुद्रात पोवळी आहेत, १९८७ साली तेथे सागरी अभयारण्य झाले. खुद्द मुंबईत हाजी अली आणि वरळीच्या खडकांवर ती निघाली, आणि २०२० साली किनारी रस्त्यासाठी त्यांच्या वसाहती उचलून दुसरीकडे बसवाव्या लागल्या. मी १९५१ सालच्या तारापोरवाला मत्स्यालयात लहानपणी मासे पाहून आलो होतो, पण बाहेर पडल्यावर समोरच्या खडकाकडे पाहण्याचे काही सुचले नव्हते.

तपकिरी बटणे अजून टाकीत आहेत. दोन-चार खरवडूनही उरली होती, ती पुन्हा वाढली. आता त्यांचा दगड छत्रीपासून दूर, एका कोपऱ्यात, पाण्याखालीच ठेवला आहे. हात घालायचा तर कोपरापर्यंत हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा. बोटाला चीर असेल तर त्या दिवशी नाहीच. टाकीचे पाणी तोंडाने नळी ओढून काढण्याची जुनी सवयही बंद झाली. टाकीच्या काचेवर सूनबाईंनी एक चिठ्ठी चिकटवली आहे, ‘दगड काढणे, घासणे, उकळणे मना आहे’, आणि खाली कंसात ‘काकाजींसाठीसुद्धा’.

या वर्षीही सफाई सुरू झाली आहे. परवा नागपूरचे पाहुणे आले होते. त्यांच्या मुलाने टाकीला नाक लावून विचारले, “आजी, हे सगळे सॉफ्ट कोरल आहेत?” वहिनींनी चकली सोडायचा सोऱ्या बाजूला ठेवला, पदराला हात पुसले, माझे भिंग त्याच्या हातात दिले आणि पंपाचे बटण बंद केले.

“मोज,” त्या म्हणाल्या.